लोइममध्ये खोटं बोलता येत नव्हतं

हेल्वे रौद्सेपनं एक अख्खा हिवाळा
एका शब्दावर घालवला.
तार्तूत तेव्हा उणे चोवीस, नदी गोठलेली,
संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर एकच रेडिएटर चालू,
आणि ही विचारत होती : चौकटीत काहीच नसेल
तर त्याला म्हणायचं काय?

शून्य नव्हे. शून्य मोजून मिळतं.
रिकामं नव्हे. रिकामं भांडंही भांडंच.
मार्चमध्ये, पावाला लोणी लावता लावता, म्हणाली : ‘पूदुब’.
असायला हवं होतं, आणि नाही.
आमच्याकडे शाळेच्या हजेरीपटावर हाच शब्द लिहितात.

भाषेचं नाव लोइम. मागावरचा उभा धागा.
कापड झालं की दिसेनासा होतो,
ओढून काढा, मग कळतं.
ती वापरणारे जगभरात चारशे बारा.
हेल्वेला बहुतेकांची नावं पाठ,
कुणाला कोणता कंस खुपतो तेही.
चुकलात तर लोइम खेकसायची नाही. म्हणायची,
‘सातव्या ओळीत तुम्ही मला अंक देतो म्हणालात,
अजून वाट पाहतेय.’
असा एकेक संदेश हेल्वेनं स्वतः लिहिलेला,
पहिल्यांदा चुकणाऱ्या कुणासाठी तरी.

आता चुकणारं लाजत नाही.
यंत्राला सांगितलं, रात्री, घरी जाताना;
सकाळी चार हजार ओळी, लोइममध्ये.
चालतात. सगळ्या चाचण्या पार.
हेल्वेनं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
‘उकू,’ मला म्हणाली, ‘हे लोइम बोलतंय खरं,
पण परक्या हेलात.
मोठ्या घरची पाहुणी स्वयंपाकघरात शिरावी,
तिला भांडी सगळी सापडावीत,
आणि एकही जागच्या जागी राहू नये.’

पूदुब एकदाही नव्हतं.
जिथं नाही, तिथं शून्य.

मी चहा ओतत होतो. म्हणायला नको होतं, पण म्हणालो :
कंस, अर्धविराम, शब्दाची गोडी, कुणासाठी आता?
लिहिणारं थकत नाही. त्याला कुठलीही भाषा चालते,
काट्याकुट्यांचीसुद्धा.
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
पुलाखाली बर्फ तडकत होता.
‘लिहिणाऱ्यासाठी मी केलीच कुठं?’

दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.
मग लोइमच्या आवृत्तीत एकच नवा शब्द : ‘वाचलं’.
प्रत्येक भागाखाली कुणीतरी तो नावानिशी लिहायचा.
त्याशिवाय प्रोग्राम चालणार नाही.

मी हसलो. म्हटलं, यंत्र हेही लिहील की,
एका सेकंदात, चारशे बारा नावांनी.
‘लिहील,’ ती म्हणाली.
‘इतकी वर्षं या भाषेत फक्त चुकता यायचं.
आता खोटंही बोलता येईल.’
आणि बाळाला पहिला दात दिसावा
तशी खूश होऊन तिनं डबा उघडला.

आमच्या एस्टोनियनला भविष्यकाळ नाही.
उद्या येतो, परवा येतो, सगळं आजच्याच क्रियापदात.
त्यामुळे लोइमचं पुढे काय, असं विचारणाऱ्यांसाठी
माझ्याकडे वाक्य नाही.
एवढंच : हेल्वे एप्रिलात निवृत्त झाली,
त्या चार हजार ओळी माझ्या टेबलावर आहेत.
दोनशे सहाव्या ओळीवर आलोय.
इथं कुणीतरी असायला हवं होतं.
शून्य खोडतो.