टीप

परवा फेरीबोटीत माझ्यापुढे मासळीचा टेम्पो होता.
धोपाव्याहून दाभोळला येईस्तोवर
त्याच्या बर्फाचं पाणी गळून माझ्या टायरांखाली साचलं,
वरून खाडीचे शिंतोडे.
गाडीला दोन दिवस बांगड्याचा वास.

म्हणून रविवार. म्हणून पंप,
पाईपाच्या तोंडावर अंगठा
आणि शांपूच्या दोन पुड्या.
धुणं सोपं असतं,
निम्मं काम पाणीच करतं.

अडचण नंतरची.
आमच्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ,
पण चैत्र सरला की मचूळ होतं,
आणि उन्हात वाळताना
थेंबाथेंबाची पांढरी कडा मागे ठेवतं.
शोरूमवाला म्हणाला होता, पांढरी घ्या मॅडम.
मी निळी घेतली.

घाईघाईने जुन्या बनियनने
गोल गोल घासत होते,
तेव्हा गडग्यापलीकडे
आंब्याच्या पेटीवरची हातोडी थांबली.
"घासू नको गो. टीप."

वळसा घालून यायचं सोडून
कासमचाचा गडगाच ओलांडून आले,
पंचाहत्तरीचे गुडघे एकेक करून.
खांद्यावरचा पंचा भिजवला, पिळला,
अख्खा बोनेटवर अंथरला
आणि दोन टोकं धरून
आपल्याकडे येऊ दिला. ओढला नाही.
मागे राहिलं ते निळं मी
हप्ता फेडायला लागल्यापासून पाहिलं नव्हतं.

शारजात चौदा वर्षं.
पहाटे तीनला सुरुवात, एका बादलीत सहा गाड्या.
"तिकडचा ऊन थेंबाला थांबत नाय."
मालकांचे चेहरे फारसे आठवत नाहीत त्यांना,
गाड्या आठवतात.
कोण रागाने दार आपटतो ते बिजागरीवरून,
कुणाकडे बाळ रांगायला लागलं
ते मागच्या काचेवरून:
"आतून उमटलेला पंजा, एवढासा.
भायेरून कितीही पूस, जात नाय."
त्याच वर्षी इकडे जुलेखा जन्मली.
त्यांनी तिला पाहिलं
तेव्हा ती पळून आईमागे लपली होती.
हे सांगताना ते छतावर पंचा अंथरत होते.

पाचवीच्या वर्गात मी हा शब्द शिकवलाय:
चिमणी दाणे टिपते.
एका पोराने लिहिलं होतं,
"माझी आई मशीनवर टीप मारते आणि डोळे टिपते,"
आणि मी त्याला
दोन वेगळी वाक्यं करायला लावली होती.

"आता दारं उघड. सगळी. डिकी पण."
अंगणात गाडी
धुळीत पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारखी.
रबराच्या खाचेतून, नंबरप्लेटीमागून,
दाराच्या तळाच्या त्या बारीक भोकांतून
पाणी येत राहिलं.
मला वाटलं होतं, झालं.
"लपलेला पाणी ओढून निघत नाय," चाचा म्हणाले,
"त्याला वाट द्यायची नि गप ऱ्हायाचा."

मग म्हणाले, पारापर्यंत ने, ब्रेक मार, परत ये.
तुम्ही पण चला, मी म्हटलं.
त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.
आधी कडेवर बसले, पावलं बाहेर ठेवून,
एकेक पाऊल त्याच पंचाने टिपलं,
बोटांच्या बेचक्यांसकट,
मग आत घेतलं.

पारापाशी ब्रेक मारला
आणि आरशाच्या पोटातून
एक ओघळ दारावरून खाली आला,
कोरड्या, निळ्या, इतक्या मेहनतीच्या दारावरून.
चाचांनी काच खाली करून हात काढला,
पंचा पोचेना.
मी इंजिन बंद करून उतरणार होते.

"ऱ्हावू दे," ते म्हणाले,
आणि टेकून बसले.
वारा खाडीकडून होता, खारट.
उद्या सकाळी सातची फेरी आहेच.
"जरा पुढपर्यंत ने."