पन्नास केबीच्या आत

घणसोली, सेक्टर सात. झेरॉक्सच्या मशीनवर
कुणाचं तरी आधार कार्ड विसरून राहिलंय.
पदाजी मढवी चपला दाराशी काढून आत येतात,
नको म्हटलं तरी काढतातच,
आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून फोटो देतात:
खाजणात उभा बाप, हातात फावडं,
मागे भरती अडवणारा बांध.

स्कॅन केला. सहा एमबी.
वारसाच्या अर्जाला हवा जेपीजी, पन्नास केबीच्या आत.

जेपीजी म्हंजे काय, त्यांनी विचारलं.
इथे सहसा कुणी विचारत नाही.
म्हटलं, काका, ही फाइल आधी चित्राचे तुकडे पाडते,
आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन,
मग एकेका चौकोनात शिरून बघते
काय गेलं तर डोळ्याला कळणार नाही,
आणि तेवढं टाकून देते.

"म्हंजे सिडको," ते म्हणाले.

मी हसले. मग थांबले.

क्वालिटीचा काटा ऐंशीवरून मागे ओढत आणला.
साठ. चाळीस. पंचविसाला बांधावरचं गवत गेलं.
अठराला पाणी आणि आभाळ एक झालं.
तेराला एकावन्न केबी.
बाराला अठ्ठेचाळीस.
"साडेबारा नाय व्हत?"
नाही काका, याला अर्धा टक्का समजत नाही.

फावड्याच्या कडेला करडे ठिपके घोंगावत होते,
संध्याकाळी खाडीवर चिलटं उठतात तसे.
"बापूस दिसतो," ते म्हणाले, "खाजन कुठं गेला?"

पीएनजीत राहिलं असतं.
ती काही टाकत नाही, घडी घालून ठेवते,
उलगडली की सुरकुतीसुद्धा जागच्या जागी.
पण जड. आणि अर्जाला चालत नाही.
त्यांच्या सुनेनं मसाल्याच्या पाकिटासाठी
एक कोलंबी कापून घेतली होती पीएनजीत;
कोलंबीच्या मागे राखाडी-पांढरे चौकोन बघून
ही फरशी कुणाच्या घरातली, म्हणाली.
कुणाच्याच नाही गं.
मागे काही नाही, हे दाखवायची ती रीत आहे.

फोटो अपलोड झाला. हिरवी टिक आली.
पदाजी उठले नाहीत.
काउंटरच्या काचेवर बोटानं शेत काढू लागले:
उंबरापासून सरळ, मग वाक, मग चिंचोळं होत खाडीकडे.
मी माउस घेतला आणि मागोमाग रेघ ओढत गेले.
ही एसव्हीजी, काका. हिच्यात चित्र नसतंच,
नुसतं सांगणं असतं: इथून नीघ, तिथे वळ,
परत येऊन मिळ.
केवढीही मोठी करा, फुटत नाही.
अर्जाला हीपण चालत नाही.

"आनी उघाडी?"
कुठे दाखवू?
त्यांनी मान वळवून बघितलं. "तुजे मशिनीचे खाली."

स्कॅनचे वीस रुपये ठेवून ते गेले.
फाइल भरली दोन केबी.
मोठी केली. आणखी मोठी केली.
रेघ दुकानातूनच जात होती.