कनिष्ठ

उद्यमबागेत शेडच्या दारात
कन्सल्टंटच्या पोरानं दिलेला कागद
मी लांब धरून बघतो, मग जवळ.
आकडे तेवढे ओळखीचे,
बाकी कन्नड: नुसती गोल गोल कडी.
जन्म ह्याच गावातला,
आणि बस कुठली ते अजून विचारून चढतो.

तिसऱ्या लेथवरून बाळेशला हाक मारली.
हात पुसत आला, चष्मा माझाच लावला.
"कनिष्ठ वेतन," वाचलं त्यानं.
कनिष्ठ कोण रे?
"किमान ओ, मालक. आमच्यात किमानला कनिष्ठ म्हणतात."
पुढं कुशल, अर्धकुशल, महागाई भत्ता,
आणि एका आकड्यापाशी त्याचा आवाज
कूलंट आटलेल्या टूलसारखा करकरला.
त्याचाच होता तो आकडा.
मी देतो त्याहून मोठा.

पुण्याची कंपनी बुशचा भाव
साडेतीन वर्षं हलवत नाही,
हे त्याला सांगता आलं असतं.
बाबा पगार खडूनं शटरवर लिहायचे,
शनिवारी पुसायचे, हेही.
एकोणीस माणसं. विसावा
मी मुद्दामच घेतला नाही.
ते त्याला सांगायला नको,
विसावा म्हणजे त्याचा मेहुणा.

"परत वाच एकदा."
वाचलं. ह्या खेपेला न अडखळता,
शेवटच्या बारीक ओळीपर्यंत:
"भिंतीला लावायचं म्हणे,
सगळ्यांना दिसेल असं."

मी ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली.
जागा त्यानंच दाखवली,
माझ्या खुर्चीसमोर.