रोज एक जानेवारी

आचाओहून दीड तास, समुद्र बरा असेल तर.
आज बरा नव्हता.
एलिएसेरने होडी धक्क्याला लावली आणि म्हणाला,
चारला निघणार. तुझं यंत्र झालं तर झालं.

आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या, भिंतींवर लाकडी खवले,
आत शेगडी, शेगडीवर किटली,
आणि कोपऱ्यात तो संगणक.
त्याच्यावर एर्मिंदाने विणलेला पिवळा रुमाल,
पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री टाकतात तसा.

'अकरा दिवस शोधतोय,' ती म्हणाली.
काय शोधतोय ते तिने कधी विचारलं नव्हतं.
पडद्यावर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे जायची,
भिंतीआड गेल्यासारखी नाहीशी व्हायची,
पुन्हा डावीकडून.
अपडेट तपासत आहे. कृपया थांबा.
ती थांबली होती.
लसींची नोंद वहीत, निळ्या शाईने,
रक्तदाबाची कॅलेंडरच्या मागे.

मी नेहमीचं सगळं केलं.
सेवा थांबवली.
जुन्या डाउनलोडचं फोल्डर, सहा वर्षांचा गाळ,
नाव बदलून बाजूला सारलं
(पुसून टाकायचं धाडस मी पहिल्या तासात करत नाही).
पेन ड्राइव्हवरून एक लहानसा तुकडा हाताने बसवला,
जो बसल्याशिवाय बाकीचे दाराशीच ताटकळतात.
पुन्हा सुरू केला.
हिरवी पट्टी. डावीकडून उजवीकडे.

एर्मिंदाने बशी पुढे सरकवली,
बटाट्याचा मिल्काओ, मध्ये चरबीचा कुरकुरीत तुकडा.
'कृपया थांबा,' ती म्हणाली, पडद्याकडे न बघता.

तेलकट बोटं पुसताना उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं.
एक जानेवारी.
साल असं, की एर्मिंदाचे केस तेव्हा काळे असणार.

बाहेर जुलै, हाडात शिरणारा गारठा;
आत रोज सकाळी एक जानेवारी.
हा बिचारा सर्व्हरच्या दारात जायचा,
ओळखपत्र दाखव म्हणायचा,
आणि समोर यायचं ते ओळखपत्र
याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नसायचं.
खोटं कोणीच बोलत नव्हतं.
म्हणून भांडणही नव्हतं, नुसतं ताटकळणं.

तारीख बदलणं सोपं. टिकवणं अवघड.
बेटावरची वीज रात्री अकराला जाते.
तेवढ्या अंधारात वेळ धरून ठेवायला
आत एक बॅटरी असते, कोटाच्या बटणाएवढी.
ती मेली होती.
माझ्या पेटीत तीन प्रकारचे पेचकस, दोन केबल,
उगाच बाळगलेला एक माऊस. तेवढी ती नव्हती.

एर्मिंदा उठली.
तान्ह्या बाळांचा वजनकाटा तिने उलटा केला,
नखाने झाकण काढलं.
'ही चालेल?'
तोच आकार, तोच क्रमांक.
'आणि काटा?'
ती बोटांवर मोजायला लागली.
बाळं नाही, घरं मोजत होती,
एकेका घराशी बोट जरा रेंगाळायचं.
'सध्या एकटी नायादेत. तिचे दिवस सप्टेंबरात भरतील.
तोवर या म्हाताऱ्याला दे.'

साडेतीनला कोपऱ्यात आजची तारीख होती.
पट्टी गेली, आकडा आला: दोनशे चौदापैकी एक.
बराच वेळ एकच.
मग दोन.
एर्मिंदाने रुमाल घडी करून मांडीवर ठेवला
आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.
'अकराला वीज जाईल तेव्हा?'
'थांबेल. उद्या तिथूनच पुढे.'
'उद्या म्हणजे उद्याच ना?'
'उद्याच.'

खाली एलिएसेरने भोंगा वाजवला, मग शिवी दिली.

होडीत मी तळहातावर पेनने लिहिलं,
लाटेने पुसलं, म्हणून मनगटाच्या वर, बाहीच्या आत पुन्हा:
बॅटरी, सपाट, दोन.
ऑगस्ट संपायच्या आत.