पिवळ्या टाचा

वसमतच्या मोंढ्यामागं, हळदीच्या गोदामाला लागून
आमचं वाचनालय.
शनिवारी सकाळी मी टेबलं भिंतीशी सारते,
पेपरवाले म्हातारे कुरकुरत ओट्यावर जातात
आणि सतरंजीवर येऊन बसतात
अकरा पोरं, कधी चौदा.
चपला बाहेर. टाचा पिवळ्या.
या दिवसांत इथं वाऱ्यालासुद्धा
शिजलेल्या हळदीचा वास असतो.

खरं सांगायचं तर मी हे शिकले कंबरेसाठी.
वीस वर्षं वरच्या फळीवरचे जाडे ग्रंथ
काढता-ठेवता धरलेली कंबर.
डॉक्टरीण म्हणाली, मांजरीसारखी पाठ करा, बाई, रोज दहादा.
एकदा कुणी नाही बघून
दोन कपाटांच्या मधे मी मांजर झाले
आणि दारातून अल्फियानं विचारलं,
"मावशी, ही कोणत्या पुस्तकातली?"

तेव्हापासून असं चाललंय.
मी वाचते सावकाश,
आणि गोष्टीत जे येईल ते आम्ही होतो.
आड आला की गुडघे न वाकवता आत डोकावतो,
ज्याला जेवढं पाणी दिसेल तेवढं.
बगळा आला की एका पायावर.
मुंजाजीचा बगळा डुगडुगतो,
तथागतच्या खांद्याला धरतो,
मग दोघं मिळून एकच बगळा. चालतं.
नावं मी सांगत नाही. नावं पुढं शाळेत कळतीलच.

साप आला की शिवकांता साप होत नाही.
त्यांच्या कडब्यात निघाला होता मागच्या साली.
"मी दगड होते," म्हणते,
आणि त्या पानापुरती दगड होऊन बसते,
इतकी चांगली
की तिच्या बाजूनं सगळे साप वळसा घालून जातात.

आज कासवाची गोष्ट होती.
कासव निघालं नदीला. कोणती नदी, ते पुस्तकात नाही,
पण पोरांनी ठरवलं, आसना.
दुसरी त्यांनी पाहिली कुठाय?
पाय पसरून, पोटात मान घेऊन
अकरा कासवं चालली, म्हणजे थांबली.
"काहून थांबलं?"
"दमलं असंल."
"नाही, ऐकू लालंय."
कासव काठाशी पोचलं आणि
पुढचं पान वाळवीनं खाल्लेलं.

मला ठाऊक होतं. मी मुद्दामच तेच पुस्तक घेते.
आता आडवे व्हा, म्हणाले. डोळे मिटा.
आपापलं पुस्तक पोटावर उपडं ठेवा, कौलासारखं.
उरलेली गोष्ट ज्याची त्यानं बघा.
सांगू नका कुणाला.

भिंतीपलीकडं काटा सुरू झाला होता.
मापाडी मोजत होता, लांबट सुरात:
लाभ... दोन... तीन...
त्याला काय माहीत, अलीकडं
त्याच्या मोजणीवर अकरा पुस्तकं
वर जातायत, खाली येतायत.
मी बावीस हजार पुस्तकं सांभाळते.
एकाला तरी मी असा श्वास घेताना
पाहिलं नव्हतं.

मुंजाजीचं पुस्तक घसरून पडलं. तो झोपला होता.
तथागतनं डोळे न उघडता
हात लांबवून ते परत त्याच्या पोटावर ठेवलं.

सचिव म्हणतात, पानांवर डाग पडतात पिवळे,
पोरांना हात धुऊन येत जा म्हणा.
म्हणते मी. धुतातही.
पण घरी सगळे हळद उकडणारे, घासणारे,
ते काय साबणानं जातंय?
कासवाच्या पुस्तकात बाराव्या पानावर
इवला अंगठा आहे एक, ठसठशीत.
कुणाचा, ते मी विचारलेलं नाही.

उठा, म्हणाले, एका कुशीवर होऊन, हळूच.
सगळ्यात शेवटी शिवकांता उठली.
कानाशी येऊन म्हणाली,
"मावशी, ते पाण्यात गेलंच नाही.
दगडावर बसलं. दगड गरम होता."
मग लगेच तोंडावर हात. सांगायचं नव्हतं ना.

मी सतरंजीवरून उठले
तर कंबर कडकन वाजली.
"बगळ्यानं फांदी मोडली!" अल्फिया ओरडली,
आणि चपलांपाशी एकच गर्दी.