हत्तु

उद्यमबागेच्या शेडी अजून पत्र्याखाली झोपलेल्या,
फौंड्रीच्या कोमट राखेवर कुत्रं मुटकुळं करून,
माघाची थंडी कानाला झोंबणारी,
आणि आम्ही निघालोय, मी आणि गुरुसिद्ध.
एकाच लेथवर एकवीस वर्षं,
तो दिवसपाळीला, मी रातपाळीला.
सकाळी सातला गरम हँडल त्याच्या हातात द्यायचं,
एवढीच तेव्हा ओळख.

मागच्या चाकाला बत्तीस दात.
माझ्या तोंडात सव्वीस.
"तिचे तरी नीट सांभाळा," म्हणाली बायको
चहाची बशी पुढे सरकवत.

पिरनवाडी गेली, मच्छे गेलं.
खानापुरात पुलाखाली मलप्रभा
धुक्यात नुसती ऐकू आली.
नंदगड ओलांडलं तसा रस्ता अंग चोरू लागला,
दोन्ही बाजूंनी कुंपणं:
निगडी, शेर, घाणेरी, मध्येच चिलार,
लाल धुळीनं सगळ्यांची एकच जात झालेली.
कुंपणातून शेत दिसत नाही,
शेताचे तुकडे दिसतात, पायडलागणिक एक.
बैलाचं शिंग. रताळ्याचा वेल.
दोरीवरचं ओलं लुगडं.
पुन्हा शिंग, पण दुसऱ्या बैलाचं.

मग चढ.
चढाला आमची रीत अशी की मोजायचं,
मी माझ्यात, तो त्याच्यात,
दहा झाले की पुन्हा एकपासून.
ओंदु, एरडु, मूरु, त्याचं चालू.
माझं सहावर अडकतं,
श्वास सातला पुरत नाही.
अकरा वर्षं ऐकतोय,
आज कुठे विचारलं, दम खात:
दहाला तू एवढ्या जोरानं का ओरडतोस?
हसला. म्हणाला, भरमण्णा,
आमच्यात दहालाही हत्तु
आणि चढ म्हणायलाही हत्तुच.

म्हणजे इतकी वर्षं
मी दहावर सुटका मानत होतो
आणि त्याला दहावर हुकूम होत होता.

वळणावर फुस्स.
माझ्या टायरात चिलारीचा काटा,
वाकडा, मांजराच्या नखासारखा.
कवाडीतून लुमाण्णा आला, काखेत कोयता,
ट्यूब बुडवायला घमेलं भरून पाणी दिलं.
चिलार तुमचीच काय, विचारलं.
"आत हाय तोवर माझी,
भाईर पडली की सरकारची."
माझ्याशी मराठी, गुरुसिद्धशी कानडी,
म्हशीला शिव्या कोंकणीत.
म्हैस तिन्हींत ढिम्म.
बुडबुडा आला तिथं
तिघांनी एकदम बोट ठेवलं.

हलशीत कदंबांचं देऊळ, दगड गार.
इकडच्या गाभाऱ्यात नरसिंह, तिकडच्यात वराह,
समोरासमोर, मधे नुसता मंडप.
शेकडो वर्षं एकमेकांकडे बघतायत
कोण आधी पापणी लववतो असे.
आम्ही जरा बाजूला, खांबाला टेकून बसलो.
त्याची कडक भाकरी, शेंगाचटणी,
माझी रातची चपाती, उकडलेलं रताळं.
नजरेच्या वाटेत कशाला यायचं.

परतताना तोच चढ उतार होऊन पडलेला.
कोणी मोजलं नाही.
बोटं ब्रेकवर, डोळ्यांत पाणी,
कुंपणं आता सलग, एकच हिरवी-लाल रेघ,
शिंग नाही, लुगडं नाही.
ओरडून विचारलं,
उतर म्हणायला काय म्हणता रे?
त्यानं मान न वळवता सांगितलं.
वाऱ्यातून माझ्यापर्यंत आला
फक्त पहिला इ.
बाकीचा शब्द अडकला असेल कुठल्या तरी चिलारीत.
पुढच्या रविवारी बघू.