डावीकडं अर्धा इंच

सीटच नाही म्हणून आधी सगळं जुनं जालना हसलं.
"बसायचं कुठं रे मन्मथ?"
बसायचंच नाही, म्हणालो,
उभं राहायचंय.
तेव्हापासून सगळा प्रश्न हातांचा.

इब्बूभाईच्या दुकानात तारेला तीन स्टेम टांगलेले.
एक आखूड, एक लांब,
एक आभाळाकडं मान करून.

आखूड लावला तर पुढचं चाक
बोलावण्याआधीच उठतं, आगाऊ पोरागत.
मागच्या चाकावर गेलो की मुठी पोटात येतात,
कोपरांना जागा नाही,
आणि आपण पाठीवर.

लांब लावला तर चाक उचलताना
बैलाचं शिंग धरल्यासारखा जोर लागतो,
पण उचललं की ठरतं.
धोंड्यावर ठरणं, हाच तर खेळ.
"सायकल जायला असती मियाँ," इब्बूभाई म्हणाले,
"थांबायला काय, भिंत पण थांबती."
तरी लांबच काढून दिला,
शंभर रुपये कमी घेऊन.

मग पंधरा दिवस खिशात अॅलन की.
कुंडलिकेच्या पात्रात, गावाच्या बाहेर,
जिथं नाल्याचा वास संपतो
आणि काळे दगड सुरू होतात,
तिथं जायचं, पडायचं,
हँडल पकडीत रेघभर पुढं फिरवायचं,
पुन्हा पडायचं, रेघभर मागं.
मनगट दुखलं म्हणजे मुठी फार खाली.
खांदे भरून आले म्हणजे रुंदी जास्त,
दोन्हीकडून बोटभर कापायची,
पण कापलेलं परत चिकटत नाही, म्हणून आधी
एक रात्र नुसतं बघत बसायचं.
नडगी फुटली तर त्यातून
काहीच कळत नाही.

सगळं जमलं तरी एक राहिलंच.
मागच्या चाकावर उभा राहिलो की
पुढचं चाक हवेत डावीकडं बघायचं.
दरवेळी. कुणी हाक मारल्यागत.
बेअरिंग बदललं. फोर्क तपासला.
रिम दोऱ्यानं मापली.
सात मोजेपर्यंत पाय खाली.

एका रविवारी असा आपटलो
की हँडल दगडावर फिरलं.
माझ्या ध्यानात नाही.
रागानं तसाच परत चढलो,
आणि एकोणीस मोजले.
एकोणीस! पलीकडं म्हशी धुणारा गडीसुद्धा
हातातला घासणारा दगड धरून उभा.

दुकानात सांगायला गेलो, धापा टाकत.
तोंड उघडायच्या आत इब्बूभाईंनी
चाक गुडघ्यांत धरलं,
हँडलला एक झटका दिला, सरळ केलं.
चाळीस वर्षांची सवय.
वाकडं हँडल त्यांना
चुकून उलटं घातलेल्या शर्टासारखं दिसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात.

"चाचा, वाकडं करून द्या."
ते हसले नाहीत.
म्हणाले, दोन्ही हात काउंटरवर ताण.
मिलमध्ये सळईचा भारा डाव्या कोपरावर आला होता,
त्याला दोन वर्षं झाली.
हाड जुळलं, हात कामावर गेला,
पण शेवटचा अर्धा इंच उघडत नाही.
मी विसरलो होतो.
कोपर विसरला नव्हता, तो मूठ ओढून घ्यायचा
आणि बिचारं चाक तिकडं बघायचं.

इब्बूभाईंनी बोटांमधल्या फरकाला स्पोक लावला,
नखानं खूण धरली,
स्टेमचे बोल्ट सैल केले,
डावी मूठ तेवढी माझ्याकडं आणली.
चाक सरळच ठेवलं.
मग कानस घेऊन फोर्कच्या माथ्यावर आणि स्टेमवर
एक बारीक रेघ ओढली, दोघांना मिळून एकच,
म्हणजे उद्या मीच सवयीनं
सरळ करायला गेलो तर दिसंल.

आता गेटवरचा वॉचमन फकिरबा
रोज सायकल टेकवताना सांगतो,
"हँडल वाकडं झालंय बघ."
व्हय म्हणतो.
एकदा त्यानं मागून येऊन ओढायला घेतलं,
तेव्हा मात्र ओरडलो.

काल तेवीस झाले.
चोविसाव्याला पाय पडला, उजवा.
त्याचं कारण अजून सापडायचंय.